आठ अक्षरांचा देवेंद्र

मी, उल्का श्रीधर खैरनार, वय ५९, विधवा, हल्ली मुक्काम अबू हलीफा, कुवेत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. साखर वाढली आहे, बुद्धी शाबूत आहे. धाकटा भाऊ देवेंद्र उद्या उलट सांगेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. नाशिकचा बंगला माझ्या कमाईचा, माझ्या नावचा. तो माझ्या पश्चात मुलगी मुक्ता हिचा एकटीचा. बांधकामावर लक्ष ठेवायला देवेंद्रला सांगितले, तर त्याने फाटकावर ‘देवेंद्र’ अशी ग्रॅनाइटची पाटी ठोकली. आता सगळी गल्ली त्याला देवेंद्रचा बंगला म्हणते. पाटीच्या जोरावर त्याने मुक्ताला बाहेर काढू नये, यासाठीच हा खटाटोप.

२. खोड जुनीच. इथे कुवेतला, अहमदी गावच्या ऑफिसात त्याला मीच चिकटवले. तो माझ्याच डोक्यावर साहेब होऊन बसला. आमच्या मुख्य संगणकावरची प्रत्येक नोंद जर्नल नावाच्या नोंदवहीतून दुसऱ्या संगणकावर प्रत म्हणून उतरते. जर्नलला कामावरून नाव द्यावे, हा नियम मी घातला होता. साहेबांनी पगाराच्या जर्नलला ‘देवेंद्र१’ आणि भांडाराच्या जर्नलला ‘देवेंद्र२’ नाव दिले. म्हणे, "ताई, ओळखीचं नाव असलं की सापडायला सोपं!" इंग्रजीत देवेंद्र नेमका आठ अक्षरांचा, आणि प्रतीला नाव देताना ते सॉफ्टवेअर पहिली आठच अक्षरे घेते. आकडे गळाले, दोन्ही प्रती एकाच नावाच्या झाल्या, आणि भांडाराची प्रत पगाराच्या प्रतीवर चढली. मुख्य संगणक बंद पडला तेव्हा पगाराच्या जागी नट-बोल्ट निघाले. हा दिवटा वरिष्ठांना म्हणाला, "ताईंना आता वयामुळे झेपत नाही." नोकरी गेली, तिच्याबरोबर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवानाही गेला.

३. दागिने मुक्ताला. पोळपाट-लाटणे आणि मिक्सर खालच्या मजल्यावरच्या राजाभाऊंना. एकटे राहतात, पण पोळ्या माझ्यापेक्षा मऊ करतात.

४. देवेंद्रला काहीही नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. वडिलांमागे त्याला मी वाढवले, याची मला लाज वाटते. माझ्या निधनाची बातमीही त्याने छापायला देऊ नये; तीत माझ्यापेक्षा त्याचेच नाव मोठे येईल.

५. साक्षीला भावजय दर्शना हिला मुद्दाम बोलावले आहे. नवऱ्याला कवडीही मिळत नसल्याने तिच्या सहीला अडचण नाही.

ठिकाण: अबू हलीफा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: उल्का श्रीधर खैरनार

साक्षीदार १: शैलेश गुरव, शेजारी. उल्काताईंनी आमच्या दोघांसमोर वाचून सही केली.

साक्षीदार २: दर्शना निकम. सही माहेरच्या नावाने केली आहे. यापुढे हेच नाव.