शेवटची ओळ

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना सलाम. वेल्डिंगचं काम बरं चाललंय, पोटभर जेवतो. दाजींचा गुडघा कसा आहे?

रविवारी आमचे पाळक आणि कॅथलिक फादर यांनी मिळून उपासना ठेवली होती. प्रभूची प्रार्थना कॅथलिक लोक आपल्या प्रोटेस्टंटांपेक्षा एक ओळ आधी संपवतात, हे तुला कॅथलिक सासरी गेल्यापासून ठाऊकच आहे. ती ओळ ठणकावून म्हणायला मी टपलोच होतो. पण फादर थांबलेच नाहीत. आमच्यासाठी आमची ओळही म्हणाले. मी मात्र ती पुटपुटलो.

आईच्या मातीला हीच प्रार्थना म्हणताना दाजी त्या ओळीआधी थांबले, तेव्हा त्यांच्याकडे बघत मी तीच ओळ ओरडून म्हटली होती. आठवलं की मान वर होत नाही.

हे त्यांना वाचून दाखव. येईन तेव्हा ते थांबतील तिथे मीही थांबेन.

तुझा तोंडाळ भाऊ