सगळ्यांनाच दुखतं

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र तीन आठवडे लांबलं. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी उत्तर टाक. नवी साइट, नवी खोली. खोलीत माझ्याबरोबर एक शिलाईवाली आहे. तिच्या मशीनची खडखड ऐकत जेवायचं, दुसरं काय.

काम मात्र झकास आहे. दोनशे बारा पायऱ्यांची उभी शिडी चढून गेलं की माझी काचेची केबिन. एक खुर्ची, दोन हातांना दोन दांडे, पायाखालीसुद्धा काच. खाली माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसतात. इशारेवाले काका खालून वायरलेसवर सांगत असतात, डावीकडे, अजून, सावकाश, बस्स. मुकादमाने पहिल्या दिवशी मलाच विचारलं, की क्रेनचा ऑपरेटर अजून कसा आला नाही. मी म्हटलं, तुमच्यासमोर उभा आहे. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त वायरलेसवर बोलतो.

आता खरं ते लिहिते. चार ओळी खोडून झाल्या आहेत. माझी ती महिन्याची कटकट वर्षभरात फार वाढली आहे. पूर्वी एक दिवस दुखायचं, आता चार दिवस. कळ कमरेतून मांडीत उतरते, उलट्या होतात, आणि हल्ली मधल्या दिवसांतही ओटीपोट ठणकत राहतं. खाली उतरून पुन्हा चढायला अर्धा तास जातो, म्हणून त्या दिवसांत पाणीच पीत नाही. दातांत टॉवेलचं टोक धरते आणि दांडे हलवते. परवा शिलाईवालीकडच्या चार गोळ्या एकदम घेतल्या, उपाशीपोटी. पोट दुखायचं थांबलं नाही, वर जळजळ सुरू झाली ती वेगळीच.

तुला कधी असं झालं का गं? तू काय करायचीस? या विषयावर तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही.

टिटवीला मावशीचा पापा. तिची टकळी ऐकल्याशिवाय घर आठवतच नाही. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही थोडी पाठवत जा.

तुझी,
खार

---

ता. १३ जानेवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, काय हे लिहिणं! तुला ठाऊक आहे ना, घरात आलेलं पत्र हे फोडतात आणि जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवतात. काडेपेटीतल्या काड्यांपर्यंत मजेत वाचलं. मुकादमाच्या जागी तर हसून हसून ठसका लागला. पुढच्या ओळीवर आले आणि थांबले. पाणी प्यायले, पत्राची घडी करून माझ्या ताटाशी ठेवली, आणि अर्धं जेवण टाकून काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडले. परत आले ते शेकायची रबरी पिशवी घेऊन. म्हणे गुडघ्यासाठी आणली. गेल्या वीस वर्षांत यांचा गुडघा कधी दुखलेला नाही. पिशवी तुला पार्सलने पाठवते आहे.

आता माझं ऐक. सगळ्यांनाच दुखतं. कामात जीव घातला की विसरायला होतं. आणि त्या साइटवर कुणापाशी अवाक्षर काढू नकोस. तू तिथं एकटी बाई. आज पोट दुखतं म्हणालीस, की उद्या म्हणतील, बघा, सांगत नव्हतो? एवढी धडपड करून परवाना मिळवलास, तो अशा कारणाने घालवू नकोस. उपाशीपोटी गोळ्या मात्र घेऊ नकोस.

इथेही तुझीच आवृत्ती तयार होते आहे. टिटवीला आठ महिन्यांपूर्वी सुरू झालं, आणि दर महिन्याला बाईसाहेब अंथरुणाला खिळतात. सोमवारी मी सरळ पांघरूण ओढलं, उठवून उभी केली, शाळेत पाठवली. चौदा वर्षांची घोडी झाली. तुझ्यासारखीच नाटकी.

बाकी लाँड्रीत काम खूप. दोन हॉटेलांच्या चादरी वाढल्या आहेत. जपून चढ, जपून उतर. माझ्या बोलण्याचा राग धरू नकोस, पण बोललेलं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

---

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र जेवताना वाचायचं असेल तर खुशाल वाचू दे. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मंगळवारी दुपारी सळयांचा भारा उचलला होता. सकाळपासून कळा येत होत्या, तरी चढले. तू म्हणालीस तसं, कामात जीव घातला. भारा वर घेऊन फिरवला, आणि फिरताना खालची काच काळी पडायला लागली. कडेकडून, हळूहळू, आत. कान बधिर व्हायला लागले. भाऱ्याच्या खाली स्लॅबवर अकरा माणसं काम करत होती. मी काकांच्या आवाजाला चिकटून राहिले. ते उजवीकडे म्हणत होते, पण तिथवर माणसांवरून जावं लागलं असतं, म्हणून मी भारा डावीकडे रिकाम्या खड्ड्याच्या बाजूला नेला आणि टेकवला. कसा टेकवला, देव जाणे. हात सुटले तेव्हा दांड्यांवर घामाचे ठसे होते.

मुकादम वायरलेसवर ओरडायला लागला. भारा तिथं का ठेवला, झोपलीस का, प्यायलीस का. मी बटण दाबलं आणि सांगितलं, की माझी पाळी सुरू आहे, पोटात असह्य कळा आहेत, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, आणि मी आता काहीही उचलणार नाही. ताई, त्या साइटवर बावीस वायरलेस आहेत. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडेही एक आहे. मग काकांचा आवाज आला, की हूक वर घे, ब्रेक लाव, पाणी पी, मी येतो.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दोनशे बारा पायऱ्या चढून आला. उतरताना ते माझ्या एक पायरी खाली राहिले. पाय घसरला तर माझ्या अंगावर येशील, म्हणाले, घाबरू नकोस.

मला कामावरून उतरवलं आहे. चौकशी बसणार, डॉक्टरचा दाखला आणायचा. त्याचं मला एवढं काही वाटत नाही. डोळे मिटले की ती अकरा माणसं दिसतात, त्याचं वाटतं. त्यातल्या एकाने उतरल्यावर मला स्वतःचं स्टूल दिलं. माझ्यामुळे तो मेला असता, आणि तो मला बसायला देत होता.

आणि एक. सोळाव्या वर्षी गणिताच्या पेपरच्या दिवशी मी मोरीच्या फरशीवर आडवी पडले होते. तू शाळेतल्या बाईंना सांगितलंस, अभ्यास झाला नाही म्हणून नाटक करते. माझं वर्ष गेलं. त्याचं मी कधी बोलले नाही, आजही बोलणार नव्हते. पण टिटवीचं पांघरूण पुन्हा ओढू नकोस. नाटकी हा शब्द माझ्या पोरीसारख्या भाचीला पुन्हा लावू नकोस.

आज निरोप घ्यायला गोड शब्द सुचत नाहीत. तरी मी तुझीच,
खार

---

ता. ११ फेब्रुवारी

चि. खारीस,
आशीर्वाद.

तुला एक पत्र लिहिलं होतं, फाडलं. त्यात मी माझी बाजू मांडली होती. आई गेली तेव्हा घरात मीच मोठी, मला कोण शिकवणार होतं, वगैरे वगैरे. लिहून वाचलं आणि माझाच मला राग आला.

तू नाटक करत नव्हतीस, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तुझा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला होता. माहीत असून मी बाईंना तसं सांगितलं, कारण खरं कारण चारचौघांत उच्चारायची मला लाज वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

तू विचारलंस, मला कधी झालं का. झालं. लाँड्रीत लागल्यावर पहिली काही वर्षं मी प्रेसच्या गरम टेबलाला पोट टेकवून उभी राहायचे. बायका म्हणायच्या, काय मन लावून काम करते! पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग आहेत, अजून गेले नाहीत. मी सहन केलं, म्हणून तूही करावंस असं मला वाटायचं. मला सूट मिळाली नाही ना, मग तुला कशी? असं काहीतरी होतं मनात. आता माझं वय झालं, आता तसलं काही नाही. माझी काळजी नको.

तुझं पत्र टिटवीने वाचलं, त्या दिवसापासून ती माझ्याशी आपण होऊन बोललेली नाही. विचारलं तेवढंच उत्तर, हो किंवा नाही. घर इतकं शांत आहे की हे सारखे रेडिओ लावतात.

तू डॉक्टरकडे जा. बाई डॉक्टर शोध. त्या काय सांगतील ते मला सगळं लिही, काही गाळू नकोस. इथे दोघींना हवं आहे. तुझी नोकरी राहील ना गं? माझा जीव थाऱ्यावर नाही. उत्तराची वाट फाटकातच उभी राहून पाहते आहे, असं समज.

तुझी,
ताई

---

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा खोलीत, मग बाहेर जाऊन, मग पुन्हा. एका जागी बसवेना. मला रडू आलं नाही, भूक लागली. शिलाईवालीचाही डबा मी संपवला.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, की महिन्यातले किती दिवस यात जातात. मी बोटांवर मोजायला लागले. मधले ठणकण्याचे दिवस धरले तर अकरा होतात. आजपर्यंत हे मला कुणी विचारलंच नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ दिसली. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच माझ्या पोटात बाहेरही वाढतं, म्हणून दर महिन्याला हा गोंधळ. कर्करोग नाही, हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितलं. रोज घ्यायची हार्मोनची गोळी दिली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. नाहीच उतार पडला तर शस्त्रक्रियेचा विचार.

गाळू नकोस म्हणालीस म्हणून हेही लिहिते. दुखण्याची गोळी कळ वाढायची वाट पाहत बसायची नाही. चाहूल लागली की लगेच घ्यायची, पोटात काही घालून, आणि चिठ्ठीवर लिहिली आहे तेवढीच. चार एकदम घेतल्याचं सांगितल्यावर बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. शेक चांगला, पण मध्ये कापड हवं. तुझ्या डागांचं मी सांगितलं, तर म्हणाल्या, ते त्या उष्णतेनेच पडले आहेत. झेपेल तेवढं चालायचं. टिटवीचंही विचारलं. म्हणाल्या, त्या वयात बहुतेकदा आजार नसतो, योग्य गोळीने आणि शेकाने भागतं. पण शाळा बुडत असेल तर दाखवाच. आणि तपासणीत काही सापडलं नाही, म्हणजे दुखत नाही, असं मुळीच नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

चौकशीत सुरक्षावाल्या साहेबांनी एकच गोष्ट विचारली. तब्येत बरी नव्हती तर चढलीस का? दाखला, गाठीचा रिपोर्ट, सगळं माझ्या पिशवीत होतं. पण त्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. मी म्हटलं, चुकलं, मी लपवलं, सांगितलं तर मला कधीच चढू देणार नाहीत असं वाटलं. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मुकादमाने मध्येच सांगितलं, की प्यायलीस का असं विचारलं ते कागदावर घेऊ नका. काका म्हणाले, घ्या.

निकाल असा. तीन महिने जमिनीवर, साखळ्या आणि हूक तपासायचं काम. मग डॉक्टरांचं पत्र आणलं तर पुन्हा वर. आणि पुढे कुणीही, बाई असो की बाप्या, चढण्याआधी बरं नाही म्हणालं तर कारण न विचारता त्या दिवशी खाली काम.

मान वर करून पाहते तर माझ्या केबिनमध्ये दुसराच कोणी बसलेला असतो. हात नुसते शिवशिवतात.

टिटवीला दाखव. आधी तिच्याशी बोल, पण. मी रुसलेली नाही, तूही राहू नकोस.

तुझी,
खार

---

ता. ९ जून

चि. खारीस,
पोटभर आशीर्वाद.

पुन्हा वर चढलीस, आणि त्या चार दिवसांत एकदाच खाली थांबावं लागलं, हे यांनी जेवताना खणखणीत वाचून दाखवलं. या वेळी एक ओळही गाळली नाही. फक्त पाळी या शब्दाला आवाज जरा चढला, शेजाऱ्यांना वाटलं असेल भांडण आहे.

टिटवीशी बोलायला मला मार्च उजाडला. तिच्या पलंगाशी बसले, माझं चुकलं म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढे दोन महिने मी नुसतीच शेकायची नवी पिशवी भरून तिच्या उशाशी ठेवत गेले. गेल्या आठवड्यात तिने आपण होऊन विचारलं, की मावशी गेली तसल्या डॉक्टरकडे आपल्यालाही जाता येईल का.

शुक्रवारी इथल्या एका बाई डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई तिला काही विचारायच्या, आणि उत्तर मी द्यायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला गोड शब्दांत बाहेर बसायला सांगितलं. त्या बाकावर मी किती वेळा उठले आणि बसले, शेवटी शेजारच्या म्हातारीने विचारलं, की तुम्हाला जायचंय का कुठे. आतून काही म्हणजे काही ऐकू येईना.

मग आत बोलावलं. मुलीला काळजीचं काही दिसत नाही, औषध दिलं आहे, दोन महिने टिपण ठेवायचं, असं सांगितलं. मी सुटकेचा श्वास सोडून उठले, तर बाईंनी विचारलं, की आणि आई, तुमचं? मी म्हटलं, माझं काय, माझं आता वय झालं, मला काही त्रास नाही. तुला लिहिलं होतं तेच.

तेवढ्यात टिटवी बोलली. चार महिन्यांत तिचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, आई खोटं सांगते. तिला दर महिन्याला तीन दिवस होतं, गादीखाली जुन्या चादरी घालते, आणि दुखायला लागलं की मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडते, आम्हाला कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, आईला पाण्याचा आवाज आवडतो.

खारे, मी खुर्चीवर परत बसले. बाईंनी दुसरा केसपेपर काढला आणि माझं वय विचारलं. मी सांगितलं. महिन्यातले किती दिवस, विचारलं. मी टिटवीकडे पाहिलं, आणि तिने माझा हात धरला. मग मी मोजायला लागले.

गुरुवारी माझी सोनोग्राफी आहे. टिटवी बरोबर येणार, शाळेला तसं कळवलं आहे, खरं कारण लिहून. भीती वाटते, लपवत नाही. झालं की लगेच लिहीन.

आमच्या दोघींकडून तुला जवळ घेतलं आहे, असं समज.

तुझी,
ताई