साडेचार तासांचा झेंडा

निश, गुरुवार

प्रिय तिहोमिर,

अक्षर ओळखून तू पाकीट आधी उलटसुलट करशील, मग बायकोला दाखवशील, आणि दानिका म्हणेल, "फोडा आता, त्यात काय बॉम्ब आहे का?" तिचं ऐक. अठरा महिने आणि वर चोवीस दिवस आपण एकमेकांशी बोललेलो नाही. मला हिशेब तोंडपाठ आहे म्हणून रागावू नकोस. मला सगळेच आकडे पाठ असतात, हे तुला नवीन नाही.

हे पत्र मी स्वयंपाकघरात, दोन्ही पाय स्टुलावर टाकून लिहितो आहे. रविवारी अथेन्सला धावलो. आज चौथा दिवस, तरी जिना उतरायचा म्हणजे कठड्याला धरून उलटं, मागच्या पावलांनी उतरावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली जायला काल सहा मिनिटं लागली. आमची ही, रुझित्सा, खाली दारात उभी राहून म्हणाली, "या, या, ऑलिम्पिकवीर! पाव घेऊन परत येईपर्यंत शिळा होईल." अशी दमणूक मला कधी झाली नव्हती. पाय दुखतात ते ठीक आहे, पायांचं कामच ते. पण या वेळी त्याच्या वरचं काहीतरी दमलं आहे. कामाला हात लागत नाही. शिंपी वेलिमिरचं शिलाई मशीन सोमवारपासून टेबलावर उघडं पडलं आहे, आणि तुला माहीत आहे, मी मशीन उघडं ठेवून कधी जेवायलासुद्धा बसत नाही.

अथेन्सच्या आयोजकांनी मला उन्हाळ्यात कळवलं: परदेशी झेंडेवाले हवे आहेत, साडेचार तासांचा झेंडा तुम्ही घ्याल का? खोटं कशाला सांगू, छाती फुगली. ना क्रीडाशाळा, ना प्रशिक्षक. वाचनालयातली तीन पुस्तकं आणि निशावा नदीचा काठ, यांच्यावर शिकलेला मशीन-मिस्त्री मी, आणि मॅरेथॉनच्या घरून बोलावणं! तोवर अकरा शर्यतींत झेंडा पाठीला बांधून, साडेचार तासांत पोहोचू बघणाऱ्यांना मागे घेऊन धावलो होतो आणि अकराही वेळा साडेचारच्या आत, पण अर्ध्या मिनिटाहून जास्त आधी नाही. पत्र आलं त्या मंगळवारी संध्याकाळी नदीकाठी आपल्या धावणाऱ्या मंडळींना वाचून दाखवलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी मात्र लोखंडी बाकाकडे बघत होतो. तू बुटाचे बंद तिथेच बसून बांधायचास.

तू मंगळवारी का येत नाहीस हे कोणी मला विचारत नाही. बेलग्रेडच्या शर्यतीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे जे सांगितलं गेलं ते माहीत आहे. तू माझ्या झेंड्यामागे होतास, सावा नदीच्या पुलावर तू मला हाक मारलीस, वाऱ्यात मला ती ऐकू आली नाही, दोन किलोमीटर पुढे तू फुटपाथवर कोसळलास. बाकीचं इस्पितळाने केलं: हृदयाच्या नळीत जाळी, तीन दिवस खाट, आणि नंतर बसचं चाक तुझ्या हातून गेलं. बावीस वर्षं तू चालवलेली ती बस आता दुसरंच कोणीतरी माझ्या दुकानासमोर थांबवतं आणि तू डेपोत नोंदवहीसमोर बसतोस. ती बस आली की मी आत कपाटात काहीतरी शोधायला जातो. रुझित्सा एकदा म्हणाली, "त्या कपाटात आहे तरी काय, दर वीस मिनिटांनी शोधण्यासारखं?"

असो. अथेन्सबद्दल सांगतो.

शर्यतीच्या सकाळी त्यांच्या बसगाड्या आपल्याला मॅरेथॉन गावात नेऊन सोडतात, आणि मग आपण पळत शहरात परत यायचं. बसमध्ये माझ्या शेजारी एव्हान्थिया नावाची बाई बसली. साठीची, रुंद खांद्यांची, डोक्याला जांभळा रुमाल. लेप्टोकारियाला समुद्राजवळ तिच्या भाड्याच्या खोल्या आहेत आणि तीस उन्हाळे तिने आपल्याच देशातल्या लोकांना उतरवून घेतलं आहे, त्यामुळे तिला आपली भाषा येते. पण सगळी हुकुमातली. माझ्या मांडीवरचा झेंडा बघून म्हणाली, "साडेचार? खात्रीने? मी शेवटचं धावतेय. पाच वेळा धावले, पाचही वेळा साडेचारच्या वर. या खेपेला नवरा स्टेडियममध्ये बसलाय, त्याला सांगून आलेय, सव्वा वाजता उठून उभा राहा." शर्यत नऊला सुटते, तिला पोहोचायला दीड वाजायला हवा. मी तिची चूक दुरुस्त केली. ती म्हणाली, "अहो मिस्त्री, पंधरा मिनिटं त्याला चपला सापडायला लागतात." मग माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणाली, "या झेंड्याला माझे डोळे चिकटले असं समजा. मला सोडून जायचं नाही." मी म्हणालो, बाई, झेंडा कोणाला सोडून जात नाही, लोक झेंड्याला सोडतात. हे वाक्य मी अकरा शर्यतींत म्हटलं आहे. तुलाही म्हटलं होतं.

आता जी चूक सांगतो आहे ती माझ्यासारखाच माणूस करू शकतो. अथेन्सचा रस्ता दहाव्या किलोमीटरपासून एकतिसाव्यापर्यंत चढतो. भिंतीसारखा नाही, एखाद्या चिवट नातेवाइकासारखा, थोडं थोडं मागत, न संपता. पुस्तकांत दोन मतं आहेत: एक म्हणतं प्रत्येक किलोमीटर सारख्या वेळात, दुसरं म्हणतं चढावर वेळ सोडा आणि उतारावर वसूल करा. तुला आठवतं, किल्ल्यामागच्या टेकडीवर आपलं यावरून भांडण झालं होतं? तू म्हणाला होतास, "राशा, चढावर माणसं मोजायची असतात, मिनिटं नाही. भरलेली बस चढावर कशी न्यायची ते मला विचार." मी म्हणालो होतो, बसमधल्यांनी तिकीट काढलेलं असतं, त्यांना उतरता येत नाही. सगळे हसले. वाद मी जिंकलो होतो. म्हणून अथेन्सला मी दर किलोमीटर सहा मिनिटं चोवीस सेकंद असा तक्ता केला, चढ असो की उतार, आणि मनगटावर चिकटवला.

सुरुवातीला माझ्यामागे साठ माणसं होती. मी मोजली होती, कारण सुटण्याआधी मी मोजतो. मग मोजत नाही. झेंडेवाल्याने पुढे बघायचं आणि घड्याळाकडे बघायचं. मागे बघितलं की पाऊल बिघडतं, हा माझा नियम. अर्धं अंतर दोन तास पंधरा मिनिटांना, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. मागे पावलांचा आवाज होता तो विरळ होत गेला, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की लोक शहाणे झाले, आता ओढत नाहीत, हलके धावतात. माणसाला हवा तो अर्थ लागतो. एकोणतिसाव्या किलोमीटरवर घड्याळात तीन तास, पाच मिनिटं, छत्तीस सेकंद. तक्त्यात तेच. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात नेटकं धावणं होतं.

तिथे रस्त्याकडेला एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर ऑलिव्हच्या डहाळ्यांचा भारा. येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक देत होता. मला डहाळी देताना त्याने माझ्या झेंड्याकडे बघितलं, मग माझ्या मागे लांबपर्यंत बघितलं, आणि बायकोला काहीतरी म्हणाला. दोघं खदखदून हसली. शेजारच्या इंग्रजी येणाऱ्या मुलीने मला ते सांगितलं: "आजोबा विचारतायत, सेनापती, सैन्य कुठे हरवलंत?"

मी वळलो. तिहो, मागे माणसं होती, रस्ता रिकामा नव्हता. पण ती कोणाकोणाची, आपापल्या वेळेची माणसं. माझं एकही नव्हतं. साठातलं एकही नाही. मी अगदी वेळेवर होतो, आणि मी कोणालाही घेऊन आलो नव्हतो.

झेंडेवाल्याचा एक कायदा असतो: वेळ सुटली की झेंडा उतरवायचा, म्हणजे मागून येणाऱ्यांची फसवणूक होत नाही. माझी वेळ सुटली नव्हती. तरी मी पट्टे सोडले, काठीला झेंडा गुंडाळला आणि म्हाताऱ्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. त्याने मला अर्धं संत्रं दिलं. एकेक ओळखीचा चेहरा वर येऊ लागला. तांबड्या टोपीचा पोलिश माणूस माझ्याकडे न बघता गेला. दोन बहिणी होत्या, त्यातली एक रडत होती. वीस मिनिटांनी जांभळा रुमाल आला, चालत, दोन्ही हात कमरेवर.

"काय मिस्त्री," ती लांबूनच ओरडली, "लग्नाला उशीर झाला होता का?"

मी म्हणालो, मी तक्त्याप्रमाणे आलो. ती म्हणाली, "माझ्याकडे असे भाडेकरू येतात. पहाटे उठून जातात, चावी खिशात घेऊन. एकदा मागे वळून बघायला काय होत होतं? मी बाविसाव्याला हाक मारली, तेविसाव्याला मारली." मी म्हणालो, ऐकू आली नाही. हे खरं होतं, देवाशपथ, या वेळी खरं होतं. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली आणि खोलीची पाहणी करतात तशा स्वरात तिने विचारलं, "याआधीही असं केलंयत का कोणाला?"

मी म्हणालो, नाही. पहिल्यांदाच.

पुढचे तेरा किलोमीटर आम्ही एकत्र गेलो, थोडं पळत, जास्त चालत. एकतिसाव्यानंतर रस्ता उतरतो, सगळे तिथे सुटतात. माझ्या मात्र मांड्यांत गोळे आले. वीस मिनिटं एका जागी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. पस्तिसाव्यापाशी मी विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो आणि तिला म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. तिने रस्त्याच्या कडेला बसकण मारली, बुटातला खडा काढला. तो खडा नव्हताच, मी बघत होतो. म्हणाली, "सावकाश. माझ्या माणसाला अजून चपला सापडल्या नसतील." सहा वेळा थांबलो आम्ही. सहाही वेळा तिला काहीतरी निमित्त सापडलं. तिची ती शेवटची शर्यत होती, आणि ती माझ्यासाठी बुटात खडे शोधत होती.

संगमरवरी स्टेडियममध्ये शिरलो तेव्हा पाच तास, सतरा मिनिटं, चाळीस सेकंद. तिचा नवरा उभा होता, पायात एकच चप्पल. आयोजकांच्या बाईने झेंडा माझ्याकडून घेतला, "बरे आहात ना?" एवढं विचारलं आणि यादीत माझ्या नावापुढे काहीतरी खूण केली. पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही. ते मला चालेल. निघताना एव्हान्थिया म्हणाली, "उन्हाळ्यात या. खोली देईन. पण चावी आधी ठेवून जायची." मी हसलो आणि परतीच्या बसमध्ये पंधरा तास एका शब्दाने मला टोचलं. "पहिल्यांदाच." ज्या बाईला मी आयुष्यात पुन्हा भेटणार नाही, तिच्याशीही मी खोटं बोललो.

डिसेंबर तोंडावर आला. एकोणीस तारखेला आमच्या घरचा संत निकोलाचा सण, स्लावा. स्लावाला बोलावणं करत नाहीत, हे मी तुला काय सांगू. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येत नाही त्याने उत्तर दिलेलं असतं. तेवीस वर्षं तू आलास. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलास तू, माझा कूम. सणाचा पाव हातात धरून माझ्याबरोबर फिरवायचा मान तुझा. गेल्या वर्षी तो मी जावयाबरोबर फिरवला. चांगला आहे पोरगा, पण उलट्या बाजूला फिरवत होता. रुझित्साने तुझ्या जागेवर ताट मांडलं होतं, रात्री उचललं. मी या पत्रातून तुला बोलावत नाही. रीत मोडणार नाही. एवढंच की तू येण्याआधी किंवा न येण्याआधी तुझ्याजवळ खरं असावं, मी पसरू दिलेलं नको.

ते वाऱ्याचं आधी तूच म्हणालास. इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना, दानिका माझ्यावर ओरडायला लागली तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालास, "जाऊ दे ग, पुलावर वारा होता, त्याला ऐकू गेलं नसेल." माझी अब्रू राखायला तू ते पुढे केलंस, आणि मी लगेच उचललं, मंगळवारच्या मंडळींना सांगितलं, रुझित्साला सांगितलं, इतक्यांदा सांगितलं की पुलावर कसा वारा होता याचं मी वर्णनही करू लागलो. खरं असं: तेहतिसाव्या किलोमीटरच्या पाटीपासून साधारण चाळीस पावलं पुढे, घड्याळात तीन तास एकतीस मिनिटं असताना, माझ्या डाव्या खांद्यामागून तू म्हणालास, "राशा, पूल संपेपर्यंत जरा सावकाश घे, छाती आवळतेय." शब्दन्‌शब्द असा. मी घड्याळ बघितलं. अकरा सेकंद हाताशी होते, आणि मी ते तुला दिले नाहीत. तू माझ्यामागे आणखी दोन किलोमीटर ओढत आलास. वळून बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून मी बघितलं नाही. तिहोमिर, त्या दिवशी पुलावर वारा नव्हता.

तुझाच, तू ठेवशील तर,
रादिसाव