जिव्हाळ्याचे दहापैकी दहा

४ मार्च, सोमवार. दुपारी १.१५
आजपासून वॉर्डात नवं युग. शनिवारच्या ट्रेनिंगने माझे डोळे उघडले (जेवणानंतरचा एक तास सोडून). मनोरुग्णांची शुश्रूषा अंदाजपंचे करायची नसते. जिव्हाळा हवाच, पण त्याला पुरावाही हवा. वीस वर्षं मी जिव्हाळा नुसता उधळत आलो, एकदाही मोजला नाही. केवढं नुकसान!

संकल्प: जिव्हाळा मोजायचा. पंधरा तारखेला पाहणी समिती येते आहे, तिच्यापुढे प्रेझेंटेशन ठोकायचं. मग मी वॉर्डाचा कायमचा इनचार्ज ब्रदर. सध्या हंगामी आहे. विचारलं की मॅट्रन 'बघू' म्हणतात. बघतीलच आता.

४.३०
जिव्हाळा मोजमाप तक्ता तयार. दहा मुद्दे. डोळ्यांत पाहिले, नावाने हाक मारली, मान डोलावली, मौन राखले वगैरे. प्रत्येकी एक गुण. बॉर्डर तीनदा बदलली. शेवटी दुहेरीच बरी दिसली.

५ मार्च, मंगळवार
रुग्ण निवडला. घड्याळवाले काका, खाट नंबर सहा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, बायको गेली, मग दुकान बंद, बोलणं बंद. महिन्यापूर्वी जिवाचं बरंवाईट करायला निघाले होते, मुलीने वेळेवर पाहिलं. म्हणून त्यांच्यावर पंधरा मिनिटांचा पहारा आहे. दर पंधरा मिनिटांनी जाऊन प्रत्यक्ष बघायचं, कागदावर वेळ टाकून सही करायची. नऊ ते पाच माझ्याकडे. म्हणजे दिवसाला बत्तीस भेटी. बत्तीस वेळा जिव्हाळा! एवढा डेटा कुणाकडे असेल?

काकांशी पहिली भेट. डोळ्यांत पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. नोंद केली: शून्यात नजर.

६ मार्च, बुधवार
बत्तीस वेळा उठायचं आणि वर बत्तीस फॉर्म भरायचे, म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. डेटा एक्सेलमध्ये कोण घालणार? माझा आजोबा?

तोडगा काढला. ११ची नोंद करताना ११.१५चीही करून टाकली. काका कुठे पळून जातायत? पंधरा मिनिटांत माणूस बदलतो थोडाच.

घरी ट्रेनिंगमधलं ऐकण्याचं तंत्र बायकोवर वापरलं. तिचं वाक्य संपलं की आपण तेच वाक्य समजुतीच्या सुरात परत म्हणायचं. ती आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल काहीतरी सांगत होती. तीन वाक्यं छान जमली. चौथ्याला ती म्हणाली, पोपट झालायस का? संशोधनाला घरातून विरोध होतोच.

७ मार्च, गुरुवार
आता एकदम तासाच्या नोंदी करतो. वाचलेल्या वेळात आलेख. निळा की हिरवा?

दुपारी दोनच्या सुमाराला वॉर्डाच्या दारातूनच सहा नंबरकडे नजर टाकली. काकांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि मिटलं. नोंद: जांभई. झोप नीट होत नसावी.

४.००
वॉर्डातल्या मावशी टेबलाशी येऊन उभ्या. चादरी, बेडपॅन, झाडलोट हे त्यांचं काम. म्हणाल्या, काकांच्या मनात पुन्हा वाईटसाईट येतंय, ते माझ्याशी बोलले. मी हसलो. महिनाभर न बोललेला माणूस चादर बदलताना बोलेल? म्हटलं, मावशी, तुमचं निरीक्षण लेखी द्या, तारीख-वेळ घालून. तर या बाई माझ्याच नाकासमोरून थेट डॉक्टरांकडे! डॉक्टरांनी अर्धा तास काकांजवळ बसून औषध बदललं. शिस्त म्हणून काही राहिलीच नाही.

९ मार्च, शनिवार
काका आज सगळं जेवले! दाढी करून घेतली! सरासरी जिव्हाळा ९.४. आलेख छताला टेकला. हा योगायोग म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

मावशी रोज दुपारी त्यांच्या खाटेशी बसून टॉवेलांच्या घड्या घालतात आणि गप्पा छाटतात. कामचुकारपणा, दुसरं काय. काकाही घड्या घालतात. रुग्णाकडून काम! समिती येऊन जाऊ दे, मग बघतो. तूर्त दुर्लक्ष.

११ मार्च, सोमवार
आता सकाळी नऊला चहा घेताघेता पाचपर्यंतच्या बत्तीसच्या बत्तीस नोंदी भरतो. हात बसलाय. अक्षर मात्र प्रत्येक नोंदीत थोडं बदलतो, प्रामाणिक दिसावं म्हणून. पेनंही दोन ठेवली आहेत.

मॅट्रननी विचारलं, काका कसे आहेत? म्हटलं, ९.६. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

१२ मार्च, मंगळवार
प्रेझेंटेशनची पहिली ओळ आरशासमोर अठरा वेळा म्हटली: 'जिव्हाळा हा भावनेचा नव्हे, पुराव्याचा विषय आहे.' अठराव्यांदा माझेच डोळे पाणावले.

बायकोने पुन्हा ऑपरेशनचं काढलं. मी मान डोलावली, डोळ्यांत पाहिलं, 'हं' म्हणालो. दहापैकी नऊ.

१३ मार्च, बुधवार. संध्या. ६.३०
जसं झालं तसं लिहितो, म्हणजे माझी बाजू कुठेतरी राहील.

पावणेतीनला मॅट्रन अचानक वॉर्डात. सहा नंबरची खाट रिकामी. संडास, बाथरूम, व्हरांडा, काका कुठेच नाहीत. त्यांनी पहाऱ्याचा कागद उचलला. तीन वाजता: पलंगावर शांत. साडेतीन: स्मितहास्य. साडेचार: मनमोकळा संवाद. मॅट्रननी आधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं ततपप. म्हटलं, ते, नियोजन आहे.

मग वीस मिनिटं आम्ही सगळे धावलो. गेट, विहीर, मागची भिंत. विहिरीत वाकून बघताना मी देवाला म्हणालो, प्रेझेंटेशन नको, काही नको, म्हातारा जिवंत सापडू दे. हे खरं आहे. लिहून ठेवतो.

काका सापडले धुतल्या कपड्यांच्या खोलीत. मावशींबरोबर उशांचे अभ्रे मोजत होते. मावशी म्हणाल्या, दीडला ब्रदरना (म्हणजे मला) विचारून मीच यांना इथे आणलं. ब्रदर 'हं' म्हणाले.

म्हणालो असेन. मी आलेखाला रंग देत होतो.

आणि मग काका बोलले. मॅट्रनशी, शांतपणे, रेडिओवर बातम्या सांगाव्यात तसे. म्हणाले, पाच तारखेपासून ब्रदर माझ्याकडे अकरा वेळा आले. तारीख, वेळ सगळं तोंडपाठ. सगळ्यात मोठी भेट दोन मिनिटांची, त्यात फॉर्म धरून. घड्याळ काढून घेतलंय, म्हणून भिंतीवरच्या घड्याळावरून मोजलं, ते सात मिनिटं मागे आहे तेवढी मिळवून. मॅट्रननी आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर सात. शून्यात नजर म्हणे! कपाळ माझं.

माझ्या तक्त्यात आठ दिवसांच्या दोनशे छप्पन्न भेटी.

मॅट्रननी विचारलं, मोजत का होतात? काका म्हणाले, कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होतो. सात तारखेला सांगायचं होतं की आज मन धड नाही. ब्रदर दारातून बघून गेले. मावशी आल्या, म्हणून आज हे अभ्रे मोजतोय. आणि वर माझी बाजू घेतली! म्हणाले, ब्रदर वाईट नाहीत हो, त्यांना फक्त वेळ नाही.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मार्च, गुरुवार
मेमो मिळाला. इनचार्जपद गेलं. समितीपुढे उद्या मावशी बोलणार, काय करतात ते सांगणार. त्यांच्याकडे एकही स्लाइड नाही. समितीची दया येते.

मला शिक्षा: रोज दहा मिनिटं काकांजवळ बसायचं. कागद, पेन, मोबाइल बाहेर ठेवून. खिसे मावशी तपासणार.

घरी कुलूप. फ्रिजवर चिठ्ठी: आईचं ऑपरेशन आज आहे. पाच वेळा सांगितलं. रविवारी येते.

पाच वेळा? पण म्हणत असेल तर मोजलंच असेल. हल्ली सगळेच मोजतात.

१५ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.००
समिती येऊन गेली. मावशी सात मिनिटं बोलल्या. टाळ्या माझ्या वॉर्डापर्यंत ऐकू आल्या.

अडीचला काकांजवळ बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना. विचार केला, सुरुवातीला मौन राखावं, मुद्दा क्रमांक चार. काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, चेहरा उतरलाय, जेवलात का? मी नाही म्हटलं. घरी कुणी नाही, म्हटलं. आणि मग कसं कोण जाणे, सुटलोच. बायको, सासूबाईंचा डोळा, वीस वर्षं नोकरी करून हंगामीच, अठरा वेळा आरसा, विहीर. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत. नाक पुसायला मला टॉवेल दिला, घडी घातलेला.

गप्प झालो तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा. म्हणजे खरे तीन सतरा. दहा मिनिटांची शिक्षा होती, मी पाऊण तास बोललो. काकांनी त्यांच्याबद्दल काय सांगितलं म्हणाल, तर काही नाही. मी विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर सवयीने मनातल्या मनात फॉर्म भरला. डोळ्यांत पाहिले, मान डोलावली, मौन राखले. सगळे मुद्दे पूर्ण. दहापैकी दहा. वॉर्डात आजवर कुणाला मिळाले नव्हते.

मला नाही. काकांना.