तुम्हाला न विचारता घेतलेला कॅमेरा

ती. मामांस,

भाच्याचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण कमरेने पंधरवडाभर असहकार पुकारलाय (कारण पुढे येईलच), तेव्हा नुसती मान खाली घातली आहे असं समजून गोड मानून घ्या. तुमचा डावा खांदा कसा आहे? फोनवर विचारलं की तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि पुढच्या श्वासाला फोन ठेवता. त्यामुळे नक्की काय बरं आहे, खांदा, तुम्ही की एकंदर जग, तेच कळत नाही. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं, मला ठाऊक आहे. पण ठेवू नका.) आम्ही दोघं मजेत. हिची दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरून चौकशीच्या खिडकीवर बदली झाली आहे. तेव्हापासून घरीसुद्धा काहीही विचारलं की ही "डावीकडून तिसरं दार" असं सांगते. काल चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं आणि डावीकडून तिसऱ्या दारापर्यंत जाऊन आलो. तिथे आमचं न्हाणीघर आहे. चष्मा तिथेच होता, ही गोष्ट वेगळी.

आता अपराध कबूल करतो. मामा, मी कॅमेरा घेतला, आणि तुम्हाला न विचारता घेतला. तुम्ही एकदा बजावलं होतं की बायको स्वतः पसंत कर, पण कॅमेरा घेताना मला विचार. माझ्या हातून नेमकं उलटं झालं. अर्थात विचारायचा प्रयत्न केला होता. मागच्या महिन्यात मी फोन केला आणि म्हटलं, मामा, खिशात मावेल असा एक साधा कॅमेरा घ्यायचाय, रोजच्या कामाला, कुठला घेऊ? तुम्ही म्हणालात, "तुझ्या सोयीचा घे," आणि फोन ठेवलात. मामा, एकेकाळी तुम्ही कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर मला पाऊण तास सुनावलं होतं, नुसत्या पट्ट्यावर! त्या दिवशी मी फोन टेबलावर ठेवला. ही म्हणाली, काय म्हणाले मामा? मी म्हटलं, काही नाही.

तर कॅमेऱ्याची गरज का पडली ते सांगतो. लिफ्ट दुरुस्तीचं माझं काम तुम्हाला माहीतच आहे. हल्ली आमच्या कंपनीने नियम काढलाय की झिजलेल्या भागाचा फोटो पाठवल्याशिवाय नवा भाग मागवायचा नाही. तिथे बसलेल्या साहेबाला आमच्या शब्दापेक्षा फोटोवर भरवसा आहे, आणि आमचे काही शब्द आठवले तर त्याचंही चुकत नाही. सहा मजल्यांच्या एका इमारतीत लिफ्ट बंद पडली. वर मशीनच्या खोलीत जाऊन पाहतो तर लिफ्टचा दोर ज्या चाकावरून फिरतो ते चाकच झिजलेलं. मी खिशातून फोन काढला. हातमोजे घालून फोनचा पडदा दाबला तर तो ओळख दाखवेना. म्हणून दातांनी एक हातमोजा काढला आणि ग्रीसच्या बोटांनी फोन धरला. धरला म्हणजे एवढंच की तो क्षणभर माझ्या हातात होता. मग दोर खाली जातात त्या भोकातून तो सहा मजले खाली गेला. मामा, इतक्या वर्षांत त्या शाफ्टमधून इतक्या वेगाने आणि मध्ये कुठेही न अडकता खाली गेलेली ती पहिलीच वस्तू असेल.

माझ्या जोडीदाराने दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनने फोटो काढला. (त्याला आम्ही सगळे इंजिनियर म्हणतो, कारण तो इंजिनियर नाही आणि ते त्याला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.) अंधारात हात हलला आणि सगळं धूसर आलं. फ्लॅश मारला तर सगळं पांढरं. साहेबाने विचारलं की हे चाक आहे की चंद्र, चाकावरचा नंबर वाचता येईल असा फोटो पाठवा. मी ठरवलं की आता खरा कॅमेरा घ्यायचा. बटणं असलेला, मनगटाला दोरीने बांधता येईल असा. ही म्हणाली, घ्या, पण गावभर विचारत बसू नका. मी गावभर विचारत बसलो. इंजिनियर म्हणाला, झूम बघ, तीसपट तरी पाहिजे. आमचा दातांचा डॉक्टर म्हणाला की झूमला काही अर्थ नाही, आतला सेन्सर मोठा हवा. (माझ्या तोंडात तेव्हा त्याचे दोन्ही हात होते, त्यामुळे उलट प्रश्न विचारता आला नाही.) संध्याकाळी इंटरनेटवर वाचायला बसलो तर ज्या कॅमेऱ्याला एकाने डोक्यावर घेतलं त्यालाच दुसऱ्याने पायदळी तुडवलं होतं. वहीत अकरा नावं झाली. रोज रात्रीच्या जेवणाआधी एक नाव खोडायचं आणि जेवणानंतर परत लिहायचं, असे पाच दिवस गेले.

या पाच दिवसांचा मला आजही मनस्ताप होतो, कारण त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गणिताच्या बाई राहतात. एकट्याच असतात. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, गुडघे त्यांच्याही आधी निवृत्त झाले. जिना उतरणं शक्य नाही. मी रोज त्यांच्या दारावरून वर जायचो आणि त्या काठी टेकून दारात उभ्या असायच्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मिस्त्री, मला कुठे जायचं नाहीये हो. पण जायचं नसणं आणि जाता न येणं यात फरक आहे." मला खाली बघावंसं वाटलं. मी सगळं कबूल केलं. फोन, चंद्र, अकरा नावं, सगळं. त्यांनी मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि माझी वही हातात घेतली.

"हातमोजे घालून कितींची बटणं दाबता येतील?"

"चार."

"तुमचं चाक तुमच्यापासून किती लांब असतं?"

"वीतभर."

"मग तीसपट जवळ आणून काय करणार आहात? वीतभरावरचं स्पष्ट दिसेल असे किती?"

"दोन."

"शर्टाच्या खिशात मावेल असा?"

"एक."

"झालं की," त्या म्हणाल्या, आणि दहा नावांवर एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता सरळ! मला पाच दिवस लागले त्याला त्यांना दोन मिनिटं लागली. मामा, तुमच्यानंतर एवढ्या थोड्या शब्दांत मला मूर्ख ठरवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. विकणारी मुलगी भली होती. तिने कॅमेरा हातात देऊन सांगितलं की दारात जाऊन फुलांच्या कुंड्यांचा फोटो काढून बघा. मी म्हटलं, ताई, मला कुंड्यांचा काही उपयोग नाही, मला अंधार, अडचण आणि लोखंड पाहिजे. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, काउंटरखाली आहे. मी खिशातले हातमोजे चढवले आणि पाठीवर झोपून काउंटरखाली सरकलो. आत खरंच सुरेख अंधार होता. मी खिळ्यांचे फोटो काढत होतो तेवढ्यात मॅनेजर आला. त्याला फक्त माझे पाय दिसले. गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं असं समजून त्याने दोन्ही घोटे धरले आणि मला ओढायला लागला. मी ओरडलो, थांबा, अजून फ्लॅशचं बघायचंय! त्याला वाटलं बरळतोय. त्याने आणखी जोरात ओढलं. (कमरेचं कारण ते हे.) शेवटी ती मुलगी स्वतः काउंटरखाली आली, टॉर्च धरला आणि म्हणाली, फुलाचं चित्र असलेलं बटण दाबा, ते जवळच्या वस्तूंसाठी असतं. दाबलं, आणि खिळ्याच्या डोक्यावरचा ओरखडा न् ओरखडा दिसला. मी आडव्यानेच सांगितलं, हाच द्या. अंगाने जरा जाड आहे, पण हातात बसतो. दोरीही आहे. पट्ट्याबद्दल तुम्ही जे म्हणाला होतात ते लक्षात ठेवून ती दोनदा ओढून पाहिली.

त्या फुलाच्या बटणाने ग्रीस माखलेल्या चाकाचा असा फोटो आला की साहेबाने उलट फोन करून विचारलं, कोणी काढला? चाक यायला पुढे चौदा दिवस लागले. त्यात माझे पाच धरले की बाई एकोणीस दिवसांच्या वर घरात अडकून होत्या. चाक बसवलं, लिफ्ट रिकामी वरखाली फिरवून पाहिली आणि मी स्वतः चौथ्या मजल्यावर जाऊन दार उघडून उभा राहिलो. बाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन आल्या. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, "खाली." खाली आलो. त्या फाटकापर्यंत चालत गेल्या, रस्त्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. एवढंच. पण आल्या तेव्हा चेहरा असा होता की माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

मग म्हणाल्या, माझा एक फोटो काढाल? धाकटी बहीण लांब असते, दोघींनाही प्रवास होत नाही. फोनवर व्हिडिओ लावून बोलतो तेव्हा मी तो कसाही धरला तरी सहा वर्षं तिला माझं फक्त कपाळ दिसतंय. कागदावर छापलेला एक फोटो पाठवायचाय.

मामा, इथून पुढे माझी लाज आहे. पहिल्या फोटोत अर्ध्यावर माझं बोट आलं आणि उरलेल्या अर्ध्यात बाई. दुसऱ्या वेळी मला तुमची युक्ती आठवली, समोरच्याला चपलांबद्दल विचारायची, म्हणजे चेहरा सैल पडतो. मी विचारलं, बाई, चपला नवीन का? त्या खाली बघायला आणि मी बटण दाबायला एकच गाठ पडली. फोटोत नुसता भांग आहे. भांग अतिशय स्पष्ट आला आहे. तिसऱ्या वेळी कॅमेरा स्टुलावर ठेवून आपोआपचं बटण दाबलं, कारण त्यांना लिफ्टसमोर माझ्याबरोबर फोटो हवा होता. दहा सेकंद मिळतात. त्या दहा सेकंदांत मी धावत गेलो आणि तोल जाऊन माझा हात उघड्या दारातून आतल्या चौथ्या मजल्याच्या बटणावर टेकला. बाई नेमक्या लिफ्टच्या आत उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. फोटोत मी आहे, हसतोय, आणि शेजारी बंद दार आहे. बाई तोवर चौथ्या मजल्याकडे निघाल्या होत्या. त्यात भर म्हणून तिन्ही फोटोंवर कोपऱ्यात भलत्याच सालची तारीख उमटली आहे. ती कशी घालवायची ते काही केल्या मला समजत नाही.

मामी गेल्यावर तुम्ही स्टुडिओ बंद केलात. मी तेव्हाही काही बोललो नाही आणि आजही बोलणार नाही. पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं मामी लिहायची, आता कोण लिहिणार, असं तुम्ही म्हणाला होतात.   फक्त माझ्या हातून झालेला घोळ तुमच्या कानावर घालावा म्हणून लिहिलं. खांद्याला जपा. उत्तर नाही पाठवलंत तरी मी समजून घेईन. (घेणार नाही.)

तुमचा,
भाचा

ता. क. या पत्राबरोबर एक खोकं आलं असेल. त्यात तोच कॅमेरा आहे. तेवढी तारीख घालवून द्या. मात्र पोस्टाने परत पाठवू नका, वाटेत आपटेल. रविवारी दहाच्या आत हातात आणून दिलात तर बरं, कारण बाईंच्या फोटोची बातमी इमारतभर झाली आणि आता अकरा जणांना आपापला फोटो हवा आहे. बाईंनी आलेखाच्या कागदावर यादी केली आहे, प्रत्येकाला सात मिनिटं. फोटो माझे मामा काढणार असं मी सांगून बसलो आहे. पाकिटांवर नावं बाई लिहिणार आहेत. अक्षर चांगलं आहे, मी पाहिलं.

ता. क. दुसरा. मामा, मी भाचेसून. खोकं बांधायला माझ्याकडे दिलं म्हणून पत्र वाचलं. तारीख घालवायला यांना दोन मिनिटं लागली, माहितीपुस्तक पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं. आणि फोटो तीन नव्हते, चार होते. कॅमेरा चालू केलात की सगळ्यात आधी चौथाच दिसेल. बाई फाटकातून परत येताना यांनी काही न सांगता काढलेला आहे. इतका छान आलाय की बाईंनी त्याच्या दोन प्रती करवल्या. एक बहिणीला गेली. अकरा जणांचं मात्र खरं आहे, आणि कॅमेऱ्याशिवाय यांचं काम अडलंय हेही खरं. ऑफिसात कॅमेरा दुरुस्तीला पाठवलाय असं सांगून आलेत. मी म्हटलं, दुरुस्ती नक्की कोणाची? तर खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले, त्या कमरेने. गाडीची वेळ कळवा, मी खिडकीवर रजा टाकली आहे.