अस्तरातला कागद

१९ ऑक्टोबर, शनिवार
दुपार

प्रिय बारके,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील. दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी आजारी नाही.

आमच्याकडे सध्या सावकाश जगणं चालू आहे. त्यापायी माझा जीव मेटाकुटीला आलाय.

झालं असं. सहा तारखेच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं, पानगळ हा थांबायचा ऋतू आहे. झाडं थांबतात, आपणच तेवढे धावतो. तीन आठवडे प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळी तासभर टेबलाशी बसावं, आणि प्रत्येकाने एका माणसाचे एका गोष्टीसाठी आभार मानावेत. आधी माणसांचे, मग सगळ्यांनी मिळून देवाचे. सत्तावीस तारखेच्या रविवारी त्यातले निवडक चर्चमध्ये वाचायचे.

ऐकायला छान आहे. पाळकसाहेबांना कोट शिवावे लागत नाहीत. पानं गळायला लागली की सगळ्या गल्लीला एकदम आठवतं, की आपल्या कोटाची चेन गेल्या वर्षीपासून अडकतेय. आत्ता माझ्या मशीनशेजारी एकतीस कोट आहेत.

तुझ्या भावजींनी मात्र फारच मनावर घेतलं. माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. जन्मभर ‘लवकर या, अडकलोय’ एवढंच ऐकत आला, त्यामुळे ही सावकाशी त्यांच्या अंगात अशी भिनली की विचारू नकोस. भिंतीवरचं घड्याळ काढून टॉवेलांच्या कपाटात ठेवलं. ते तिथून टिकटिकतं. मग म्हणाले, यंदा पानं झाडायची नाहीत, पडू देत, बघत बसू. बघत बसलो. छपराची पन्हळ तुंबली आणि पाणी शिवणाच्या खोलीत आलं. चार कोट भिजले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी पाण्याचे आभार मानले.

“त्या निमित्ताने मशीनखाली झाडलं तरी गेलं,” म्हणाल्या.

“आजी, माणसांचेच मानायचेत,” चिटणीस म्हणाली.

“मग पन्हळ बसवणाऱ्याचे लिही.”

चिटणीस म्हणजे तुझी भाची. आता अकरा वर्षांची आहे. कुणी, कुणाचे, कशासाठी, सगळं वहीत लिहून ठेवते. प्रत्येकाला वेगळं पान.

आठवडाभरात माझी माणसं संपली. दूधवाल्याचे दोनदा झाले, टपालवालीचे झाले, बटणांच्या दुकानदाराचे झाले. मंगळवारी मी पाळकसाहेबांचे मानले, हे सत्तावीस तारखेला संपणार आहे म्हणून. भावजी हसले नाहीत. सावकाश जगणारी माणसं विनोदालाही सावकाश पोचतात.

परवा चिटणीस म्हणाली, “मावशीचे आभार. ती तिकडच्या आजीची नखं कापायची तेव्हा मला वाटी धरू द्यायची.”

तिने लिहून घेतलं, मग पानं चाळली.

“आई, तुझ्या पानावर सगळे आहेत. दूधवाला दोनदा आहे. मावशी नाहीच.”

“घरच्यांचे कसले आभार मानायचे?” मी म्हटलं.

“सोमवारी तू बाबांचे मानलेस, पन्हळ साफ केली म्हणून. बाबा घरचे नाहीत?”

सासूबाई खोकल्या. भावजी माझ्याकडे बघत राहिले. तास संपायला किती वेळ आहे ते कळेना, घड्याळ कपाटात.

‘घरच्यांचे कसले आभार’ हे माझं वाक्य तू ओळखलं असशील. आईला कबरस्तानात पोचवून आल्यावर मी चर्चमध्ये कागदावरून आभार वाचले होते. पाळकसाहेब, गाणारी मंडळी, डॉक्टर, गाडीचा ड्रायव्हर, खुर्च्या आणून देणारे शेजारी. सतरा जण. तू त्यात नव्हतीस. नंतर मी मागच्या स्वयंपाकघरात आले. तू कप धूत होतीस. मी म्हटलं, “घरच्यांचे कसले आभार, राहून गेलं बघ.” तू मागे न वळता म्हणालीस, “बरोबर. आणि कप धुणाऱ्या बाईचंही राहून गेलं.” त्यानंतर आपण बोललो नाही.

काल सकाळी भावजींनी फर्मान काढलं, ‘आज गिऱ्हाइकांचं काही शिवायचं नाही.’ मग मी माझा काळा कोट घेतला. त्याचा खिसा तेव्हापासून फाटका आहे. अस्तर उसवलं तर आत तो कागद. खिशातून खाली घसरलेला.

राहून गेलं नव्हतं, बारके. कागद सोबत ठेवलाय, बघ. पहिलीच ओळ तुझी आहे. ‘माझी धाकटी बहीण, जिने चार वर्षं आईला सांभाळलं.’ मी उभी राहिले, ती ओळ पाहिली, मग समोर बसलेली माणसं पाहिली. ओळ वाचली असती तर पुढचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसला असता, की मग थोरली कुठे होती? थोरली महिन्यातून एका रविवारी यायची, फळं घेऊन, आणि कोट न काढता बसायची. मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

आणि गंमत ऐक. सत्तावीस तारखेचं वाचन पाळकसाहेबांनी मलाच दिलं होतं. म्हणे, आईच्या वेळी तुम्ही फार सुंदर वाचलंत. डोकं आपटावंसं वाटलं. आज सकाळी जाऊन नाही म्हणून आले. तिथे तुझी ओळ वाचली तर लोक डोळे पुसतील आणि कौतुक माझं होईल. म्हणून इथे लिहिते.

तू नोकरी सोडलीस तेव्हा मी फोनवर ‘तुला जमेल’ म्हटलं आणि ठेवून दिला. तुला जमलं. दर शनिवारी तू आईचे केस धुतलेस. एकच स्तोत्र दिवसातून तीनदा वाचून दाखवलंस, आणि ती दर वेळी म्हणायची, आज वाचलंच नाहीस. तिची चिडचिड तू ऐकलीस. मला ती कायम हसतीच भेटली, कारण मी यायच्या आधी तू तिला तयार करून बसवलेलं असायचं. या सगळ्याबद्दल तुझे आभार.

उत्तर दे असं म्हणत नाही. शिव्या देणारं दिलंस तरी चालेल, चिटणीस लिहून घेईल. आमच्या टेबलाला पाच खुर्च्या आहेत आणि आम्ही चौघं. पाचवीवर कोटांचा ढीग असतो. तो उचलायला मला दोन मिनिटं लागतात, घाईत असले तर एक.

तुझी आभारी, आणि तरीही घरचीच,
ताई