पाच टोल्यांचं बिल

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण आठ दिवसांपासून कंबर धरली आहे, तेव्हा कमरेपासून वरचा गोड मानून घे. तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनीचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहेत, फक्त बायको माझ्याशी बोलत नाही. "तुम्हाला तोंड आवरत नाही," हे तिचं शेवटचं वाक्य. तुला नोटीस गेल्याचं कळलं, त्या दिवशीचं.

दादा, ती नोटीस मी पाठवली नाही. खाली सही वकिलाची आणि वर 'आमचे अशील' म्हणून नाव माझं, हे खरं. पण मी त्या वकीलसाहेबांकडे अशील म्हणून गेलोच नव्हतो, घड्याळजी म्हणून गेलो होतो. त्यांच्या ऑफिसातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ भलत्याच वेळी भलतेच टोले द्यायला लागलं होतं. मी स्टुलावर चढलो. हात चालू झाले की माझं तोंडही चालू होतं, हे तुला नव्याने काय सांगायचं (बाबा म्हणायचे, याच्या जिभेला कोणीतरी किल्ली देऊन ठेवली आहे). आधी हवापाणी झालं, मग महागाई, आणि मग घसरत घसरत गाडी तुझ्यावर आली. म्हणालो, बाबांचं दुकानातलं भिंग दादाने नेलं. घड्याळजी मी आणि भिंग भूगोलाच्या मास्तराकडे, हा कुठला न्याय? वकीलसाहेब कागदांत मान घालून 'हं, हं' करत होते. मला वाटलं, बिचारे ऐकून घेताहेत. ते लिहून घेत होते.

आठवड्याभरात तुला नोटीस गेली, 'वडिलोपार्जित चल मालमत्ता पंधरा दिवसांत परत करावी', आणि मला बिल आलं. 'अशिलाशी सल्लामसलत, पाच तास.' मी तिथे पुरता तासभरही नव्हतो! आता ही गंमत ऐक (गंमत म्हणायचं धैर्य आज आलं आहे). टोले तपासायचे तर काटा हाताने पुढे फिरवत एकेक तास वाजवून बघावा लागतो. मी अकराला सुरुवात केली आणि चारपर्यंत वाजवलं. बाहेरच्या खोलीत त्यांचा कारकून बसतो. अठरा वर्षं तो त्या टोल्यांवरच वेळ लिहीत आला आहे. त्याने एकाच्या टोल्याला डबा उघडला, चारच्या टोल्याला 'पाच तास' लिहून वही मिटली आणि भर दुपारी छत्री घेऊन घरी गेला.

मी बिल घेऊन भांडायला गेलो. म्हटलं, रस्त्याने जाताना एखाद्याचं घड्याळ मागे पडलेलं दिसलं, तर मी त्याच्यामागे बिल घेऊन धावतो का? साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही बोललात, मी ऐकलं. आमच्यात यालाच काम म्हणतात." दुसऱ्या दिवशी सुधारित बिल आलं. त्यात 'बिलाबाबत चर्चा, अर्धा तास' ही नवी बाब होती. तेव्हापासून मी त्या रस्त्यानेच जात नाही.

पण बिलाचं दुःख नाही रे. पंधरा दिवस व्हायच्या आत तुझं पार्सल आलं. कापसात गुंडाळलेलं भिंग, आणि सोबत चिठ्ठी नाही. सगळा कापूस पिंजून बघितला, एक ओळ नाही. बाबांनी ते तुला स्वतःच्या हाताने दिलं होतं, नकाशातली बारीक गावं वाचायला. मी समोरच बसलो होतो. हे स्टुलावर उभं राहून सांगायचं मात्र मी विसरलो. विसरलो नाही, गाळलं. मला लाज वाटते, दादा.

तर विनंती इतकीच, की 'आम्हा भावांत कसलाही वाद नाही' असं दोन ओळींत लिहून पाठव. तो कागद दाखवला की बिल रद्द होईल. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. आता खोटं कशाला बोलू? बिल मागच्या सोमवारीच रद्द झालं. 'टोले तपासले त्या दिवशी मी घरी पोचलो तर जेवणं चालली होती,' असं कारकुनाने स्वतःच कबूल केलं. तुझ्या दोन ओळी वकिलाला नको आहेत, मला हव्या आहेत.

ता.क. दुसरा. त्या बिलातली एक बाब मी खोडू दिली नाही. 'अशिलाचे रडणे थांबेपर्यंत प्रतीक्षा, दहा मिनिटे.' बाबा गेल्यापासून तू दुकानाची पायरी चढला नाहीस, हे सांगताना झालं ते. तेवढे पैसे मोजून दिले, कारण तेवढं खरं होतं. रविवारी दुकान बंद असतं. मी येऊ का?